घड्याळ अप्पांचं, भरती स्कायची

अप्पांनी नोकरीची चौतीस वर्षं समुद्राला बाहेर ठेवण्यात घालवली. खारभूमीच्या कामावर ओव्हरसियर, सगळी नोकरी अलिबाग आणि पेण तालुक्यांत. भातखाचरात खारं पाणी शिरू नये म्हणून मातीचा बांध घालायचा, बांधात उघाडी, म्हणजे पाण्याचं झडपेचं दार, बसवायची, उधाणात खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की रात्री बॅटरी घेऊन धावायचं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी मुसळधार पावसात अमावास्या आली की त्यांना झोप लागत नाही.

माझा भाचा ग्लासगोला असतो. गेल्या दिवाळीत त्याने फोनवर सांगितलं, "आजोबा, इथे उत्तरेला उलटे बांध आहेत. समुद्राला आत घ्यायचे. दगडाचे. मासे पकडायला." अप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फोटो नको. बघायला लागेल." आईने गुडघ्यांचं आणि आंब्यांचं कारण सांगून अंग काढून घेतलं. चैत्रात आम्ही दोघंच निघालो.

चतुर्दशी: ग्लासगो ते ब्रॉडफर्ड

प्रवासाचं फार लिहीत नाही. सकाळी गाडीने निघालो. लॉख लोमंड, ग्लेन को, फोर्ट विल्यम, मग आयलन डोननचा किल्ला. तिथे सगळे थांबतात, आम्हीही थांबलो. संध्याकाळी पुलावरून स्काय बेटावर. हा पूल १९९५ साली झाला, आणि त्याचा टोल लोकांनी भांडून २००४ च्या अखेरीला बंद पाडला. हे ऐकून अप्पांना बेट पाहण्याआधीच आवडलं.

रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं फुलली होती, गॉर्स म्हणतात त्यांना. काच खाली केली आणि गाडीत चक्क ओल्या खोबऱ्याचा वास भरला. मला वाटलं पिशवीतली वडी फुटली. पण वास फुलांचाच होता. साडेसात हजार किलोमीटरवर येऊन खोबऱ्याचा वास यावा, ही पहिली चकवणूक.

ब्रॉडफर्डला एका घरात दोन खोल्या घेतल्या होत्या, सकाळच्या न्याहारीसकट. घरमालकीण बाई सत्तरीच्या, गेलिक, म्हणजे इथली जुनी भाषा, बोलणाऱ्या. अप्पांच्या हातात एचएमटीचं जुनं घड्याळ, तेही अलिबागच्या वेळेवर. "रक्तदाबाची गोळी नऊची आहे, ती नऊलाच घेणार," हा त्यांचा युक्तिवाद. घड्याळ लावून द्यायचा माझा प्रयत्न मुंबई विमानतळापासून चालू होता. या घड्याळाची गोष्ट पुढे येते.

पौर्णिमा: लॉख ना कारी

पहाटे, म्हणजे मला पहाटच वाटत होती, अप्पांनी हाक मारली. "बाय, सव्वाअकरा वाजले. पाणी बघ."

कोकणातल्या जुन्या माणसांना हे सांगायला नको: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे पाणी भरतं. खिडकीतून पाहिलं तर ब्रॉडफर्डचा उपसागर हिरवळीच्या कडेपर्यंत काठोकाठ होता. मी म्हटलं, "अप्पा, इथे सकाळचे पावणेसात झालेत, झोपा." आणि स्वतः झोपले.

न्याहारीला किपर होता. किपर म्हणजे चिरून, खारवून, धुरावलेला हेरिंग. हेरिंग आपल्या तारलीच्याच घराण्यातला. त्या वासाने माझं पोट हललं, पण तो सुकट भाजल्याचा वास होता, घरचा. अप्पांची हनुमान जयंती, म्हणून त्यांनी ओटची लापशी घेतली आणि माझ्या ताटलीकडे पाहत राहिले.

आता त्या जागेविषयी. स्कायच्या पूर्व किनाऱ्याला स्काल्पे नावाचं छोटं बेट चिकटल्यासारखं आहे. दोघांच्या मधल्या पाण्याचं नाव लॉख ना कारी. त्याला लागूनच जमिनीत शिरतो तो लॉख एनॉर्ट. लॉख म्हटलं की आपल्याला तळं वाटतं, पण समुद्री लॉख म्हणजे हिमनदीने खोदलेल्या दरीत समुद्राने हात घातलेला. अप्पांनी एका शब्दात मिटवलं: "खाडीच की." बरोबर, फक्त चिखल नाही आणि कांदळवन नाही. दोन्ही बाजूंना तांबूस डोंगर सरळ पाण्यात उतरतात. आणि नावातला जो 'कारी', तो गेलिकमधला 'कॅरिध' असा लिहिला जाणारा शब्द. अर्थ: भरतीच्या पाण्यात मासे अडवायचा दगडी बांध. म्हणजे अख्ख्या पाण्याचं नावच 'बांधाचा लॉख'. नकाशावर रोज हजारो लोक ते नाव वाचत स्लिगाहनच्या डोंगरांकडे पळतात.

भाच्याने भरतीची छापील पुस्तिका आणली होती. ओहोटी बारा वाजून पाच मिनिटांनी. आम्ही पावणेबारालाच एका लहानशा वळणावर गाडी लावून खाली उतरलो. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही, समोरच लोकांची घरं आहेत. अप्पांनी घड्याळ पाहिलं. "सव्वाचार. अजून तासभर आहे. पाणी उतरतंय अजून, ओल बघ दगडाची." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाला किती वेळा समजवायचं?

बारा वाजून पाच मिनिटं झाली. पाणी उतरतच होतं. सव्वाबारा, साडेबारा, तरी उतरतच होतं. मग भाच्याने कपाळावर हात मारला. पुस्तिकेतल्या वेळा ग्रीनिचच्या होत्या आणि एप्रिलमध्ये इथली घड्याळं एक तास पुढे असतात. कोणी जाणार असाल तर हे आधी लक्षात घ्या: छापील तक्त्याच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. आम्ही लवकर पोचलो म्हणून वाचलो. उलटी चूक झाली असती तर पाणी चढताना आत शिरलो असतो.

पण त्या फुकटच्या तासानेच दिवस कमावला. ओहोटीच्या मागे मागे एक माणूस पोतं ओढत चालला होता, पन्नाशीचा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तो विंकल वेचत होता. विंकल म्हणजे बोराएवढी काळी समुद्री गोगलगाय. इथे ती फारसं कोणी खात नाही, पोती भरून स्पेन आणि फ्रान्सला जातात. अप्पांनी पोत्यात हात घालून मूठभर उचलल्या, वजनाचा अंदाज घेतला आणि मला म्हणाले, "विचार, बांध कुठाय?" मी विचारलं. तो हसला. म्हणाला, "तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

खाली पाहिलं. मला दगड दिसत होते, सगळीकडे दिसतात तसे. फुग्याफुग्यांच्या तपकिरी शेवाळाने मढलेले. त्याने हाताने हवेत एक कमान काढली. मग दिसलं, आणि एकदा दिसल्यावर न दिसणं अशक्य झालं. आमच्या पायाखालून दगडांची एक ओळ निघत होती, समुद्राकडे पोट काढून वळत होती आणि पलीकडे ओढ्याच्या मुखाजवळ परत किनाऱ्याला मिळत होती. विळ्यासारखी. उंची कुठे घोट्याएवढी, कुठे गुडघ्याएवढी. आतल्या बाजूला अजून पाणी अडकलेलं, बाहेर समुद्र पार खाली गेलेला. दोन पाण्यांच्या मधे एक रेघ.

अप्पा उकिडवे बसले. पाच मिनिटं कोणाशी बोलले नाहीत.

बांधाचं काम साधं आहे आणि ते साधंपणच हुशारीचं आहे. भरतीला पाणी त्याच्या वरून जातं, त्याला अडवायचा प्रयत्नच नाही. मासे चरायला काठाशी येतात, विशेषतः जिथे ओढ्याचं गोडं पाणी मिसळतं तिथे. हेरिंगचे थवे, सामन, समुद्री ट्राउट, तळाचे चपटे मासे. ओहोटी लागली की पाणी दगडांच्या फटींतून झिरपून जातं, मासा मात्र कमानीच्या आत राहतो आणि पाण्याबरोबर खोल कोपऱ्याकडे सरकतो. तिथे टोपली नाहीतर हातजाळं घेऊन माणूस उभा. काही ठिकाणी दगडांवर खुंट रोवून फांद्यांची वई विणत, म्हणजे भिंत कमी उंचीची चालते. चुना नाही, माती नाही. म्हणूनच बांध किती जुना हे दगडांवरून सांगणं अवघड. लाकडाचा खुंट चिखलात टिकला असेल तरच त्याचं वय काढता येतं. अशा बांधांचा वापर इकडे मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत होता.

"आमची उघाडी बरोब्बर उलटी," अप्पा अखेर म्हणाले. "तिची झडप ओहोटीला आपोआप उघडते, आतलं पाणी बाहेर टाकते. भरती आली की दाबाने मिटते. समुद्राला म्हणते, तू येऊ नको. हा म्हणतो ये, बस, जेव, जाताना पोरं ठेवून जा." चौतीस वर्षांत पाझर हा त्यांचा शत्रू होता. खेकड्याचं बीळ दिसलं की मातीचा गोळा दाबायचा. इथे पाझर हाच सगळा खेळ. भिंत गळली नाही तर बांध निकामी.

गोव्याची मानसही, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, मला आठवली. खाजणातल्या या दाराला ओहोटीच्या वेळी जाळं लावतात आणि त्या मासळीचा हक्क लिलावाने जातो. म्हणजे पाणी परत जाताना त्याच्याकडून वसुली करायची ही युक्ती आपल्याही किनाऱ्याला ठाऊक आहे, फक्त आपण ती शेतीच्या पदराखाली ठेवली.

एक वाजून गेला आणि पाणी थबकलं. अप्पांनी घड्याळ पाहिलं, "साडेपाच," आणि काहीच न म्हणता चालू लागले.

रात्री त्या घराच्या बैठकीत चहा घेताना भाचा अचानक थांबला. "आजोबा, तुमच्या घड्याळात सकाळी भरती किती वाजता म्हणालात?" सव्वाअकरा. "आणि ओहोटी?" साडेपाच. त्याने कागद घेतला. भारत आणि ब्रिटनच्या वेळेत उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक. सव्वाअकरातून साडेचार गेले, पावणेसात. साडेपाचातून साडेचार, एक. म्हणजे अप्पांचा हिशेब अलिबागचा होता, घड्याळ अलिबागचं होतं, आणि पाणी मात्र स्कायचं त्याच घटकेला भरत आणि सुकत होतं! अर्ध्या-पाऊण तासाची इकडेतिकडे सोडली तर दोन्ही किनाऱ्यांचं पाणी एकाच वेळी चढतं आणि एकाच वेळी उतरतं. यात चमत्कार नाही. अटलांटिकच्या भरतीची लाट इथे किनाऱ्याने उत्तरेला सरकत येते, अरबी समुद्राची चाल वेगळी, दोघांच्या वेळा जुळणं हा निव्वळ योगायोग. स्कॉटलंडच्याच पूर्व किनाऱ्याला हा हिशेब साफ चुकेल. पण हे सगळं अप्पांना सांगून उपयोग नव्हता. ते विजयी मुद्रेने झोपायला गेले.

प्रतिपदा: गारा, शब्द आणि एक संप

सकाळी गारा पडल्या, मग ऊन, मग पुन्हा गारा. दहा मिनिटांत तीन ऋतू. घरमालकीण बाई म्हणाल्या, हे चांगलं हवामान आहे, कारण चिलटं नाहीत. मे संपता संपता इथे मिज नावाची बारीक चिलटं येतात आणि किनाऱ्यावर उभं राहू देत नाहीत. बांध बघायचे तर एप्रिलच बरा.

बाईंना आमचं कारण कळल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या. उधाणाच्या भरतीला त्यांच्याकडे 'रोअर्श्ट' म्हणतात आणि भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला 'कॉनत्राय'. मी उधाण आणि भांग सांगितलं. अप्पांनी 'सुकती' दिला, बदल्यात 'त्राय' मिळाला. त्राय म्हणजे ओहोटी आणि त्राय म्हणजेच समुद्रकिनारा. पाणी हटल्यावर जे उरतं तो किनारा, हे मला फार पटलं. इंग्रजीत हा सगळा व्यवहार दोन बोथट शब्दांत आटपतो. आम्ही अर्धा तास मोडक्या इंग्रजीच्या पुलावरून दोन भाषांचं सामान वाहत होतो. बदल्यात मी आंबापोळी दिली. त्यांनी ती चहात बुडवून खाल्ली. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

भाच्याने संगणकावर जुने नकाशे काढले. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे सर्वेक्षणाचे नकाशे घरबसल्या फुकट पाहता येतात, स्कायचे १८७० च्या दशकातले आहेत. आजच्या उपग्रह चित्रावर जुना नकाशा ठेवून सरकपट्टी फिरवायची. जाणाऱ्यांनी हा उद्योग आदल्या रात्री करावाच. पुरातत्त्वाच्या नोंदींसाठी 'ट्रोव्ह' नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे, तिथे 'फिश ट्रॅप' शोधलं की किनाऱ्यावर ठिपकेच ठिपके. सखल भागातल्या स्कॉट बोलीत बांधाला 'येअर' म्हणतात, त्या नावानेही शोधा. उपग्रह चित्र ओहोटीच्या वेळचं असेल तरच कमान दिसते, म्हणून वेगवेगळ्या वर्षांची चित्रं बघा.

दुपारी पाऊस धरला तेव्हा लॉख एनॉर्टच्या टोकाला रस्त्यालगतचा धबधबा पाहिला. नाव एस अ व्रादान, सामन माशाचा धबधबा. खाली बांधाचा लॉख, वर सामनचा धबधबा. मासा कुठून कुठे जायचा हे नावांनीच लिहून ठेवलंय.

पण तो सामन सगळ्यांचा नव्हता. स्कॉटलंडमध्ये सामन धरण्याचा हक्क मुळात राजाचा, आणि राजाने ज्या जमीनदाराला दिला त्याचा. हेरिंग कुळाने खावा, सामन मालकाचा. बांधाला मासा निवडता येत नाही, त्यामुळे बांधावर कायद्याचा डोळा जुनाच. १४२४ साली पहिल्या जेम्स राजाच्या काळात भरतीच्या पाण्यातले असे सापळे मोडण्याचा कायदा झाला होता, लहान मासे मरतात म्हणून. आणि आठवड्याची सुट्टीही होती. शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत माशाला वर जायला वाट मोकळी ठेवायची. तिला 'शनिवारचा स्लॅप' म्हणत. स्लॅप म्हणजे कुंपणातली खिंड. "म्हणजे कायद्याने खांड!" अप्पा इतक्या जोरात हसले की धबधब्याशी फोटो काढणारे दोघे वळून पाहू लागले.

संध्याकाळी गाडी ब्रेझ नावाच्या वस्तीला नेली. स्लिगाहनच्या पुढे, पोर्ट्री गावाच्या अलीकडे फुटणारा अरुंद रस्ता आहे, एका वेळी एकच गाडी जाते. समोरून कोणी आलं तर डावीकडच्या मोकळ्या जागेत थांबायचं, ती उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं, आणि हात करायचा. हात करणं सक्तीचं नाही, पण न करणारा परका ठरतो.

ब्रेझला रस्त्याकडेला दगडी स्मारक आहे. एप्रिल १८८२ मध्ये इथल्या कुळांनी चराईच्या डोंगरासाठी खंड भरायचा नाकारला, घर सोडण्याच्या नोटिसा जाळल्या. मग ग्लासगोहून पन्नासेक पोलीस आणले, आणि बायकापोरांनी त्यांच्यावर दगड फेकले. पाच जणांना धरून नेलं. पुढच्याच वर्षी नेपियर आयोगाने साक्षी घ्यायला सुरुवात केली ती इथूनच, आणि १८८६ मध्ये कुळांना जमिनीवरून हाकलता येणार नाही असा कायदा झाला.

अलिबागच्या माणसाला यात नवीन काय? अप्पांचे वडील चरीच्या संपात होते. १९३३ ते १९३९, सहा वर्षं खोताच्या जमिनी कुळांनी कसल्या नाहीत, नारायण नागू पाटलांच्या शब्दावर. घरात भात नव्हतं. लोकांनी लाकडं विकली, समुद्रावर आणि खाडीवर पोट भरलं. "खाडी होती म्हणून संप टिकला," असं आजोबा सांगत. स्मारकापाशी वारा एवढा होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. अप्पांनी टोपी काढून हातात धरली, ती वाऱ्याने उडू नये म्हणून की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही.

रात्री कलन स्किंक. धुरावलेला हॅडॉक, बटाटा, कांदा आणि दूध. दुधात मासा म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं. दोन वाट्या घेतल्या.

द्वितीया: बगळ्याची जागा

खरं उधाण पौर्णिमेला नसतं, दोन दिवसांनी असतं. हे अप्पांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की पाणी तिथवर उतरलं नसतं तर आम्हाला आनंद झाला असता. पण उतरलं. इथे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत पावणेपाच मीटरच्या आसपास फरक पडतो, अलिबागपेक्षा जास्त. सव्वादोनला बांध पूर्ण उघडा होता, टोकापासून टोकापर्यंत, ऊन पडून शेवाळ चकाकत होतं.

अप्पांनी पावलं मोजली, एकशे दहा. मग वाकून वाकून निरीक्षण. मोठे धोंडे बाहेरच्या बाजूला, लाटेच्या तोंडी. आत लहान. धोंड्यांचा लांबट भाग आडवा, भिंतीत घुसवलेला, म्हणजे लाटेने उपटता येऊ नये. "शिकलेला नव्हता कोणी, पण चुकलेलाही नव्हता." पायथ्याला भिंत रुंद, वर निमुळती. दोन ठिकाणी पडझड. एका पडलेल्या धोंड्याजवळ ते थांबले, दोन्ही हात घातले आणि उचलायला लागले. एक जागा रिकामी दिसली की भरायची, हात ऐकत नाही. विंकलवाला लांबून ओरडत आला. दगड हलवू नका! पडलेला दगडही पुरावा आहे, कुठे पडला त्यावरून भिंत कशी होती ते कळतं. अप्पांनी धोंडा होता तसा ठेवला, आणि मग बराच वेळ हात पुसत राहिले.

त्यांना खरं दुःख वेगळंच होतं. आमच्याकडे बांध राखायला गावाची जोळ होती. ज्याचं शेत त्याचा हात, दरवर्षी प्रत्येकाने आपल्या वाट्याची माती टाकायची. ती मोडली आणि बांध सरकारचे झाले, मग कोणाचेच राहिले नाहीत. "इथे पण असंच झालं असणार. वर्षातून चार दिवस चार माणसं आली नाहीत की समुद्र एकेक दगड मोजून घेतो."

कमानीचा सगळ्यात खोल कोपरा ओढ्याच्या उलट टोकाला होता. तिथे शेवटचं डबकं उरलं होतं, आमच्या अंगणाएवढं. त्याच्या काठावर एक राखी बगळा उभा. तोच पक्षी, आपल्या खाडीवरचा. आम्ही जवळ गेलो तरी हलेना. शेवटी नाइलाजाने उडाला आणि वीस पावलांवर जाऊन रागाने पाहत बसला. डबक्यात डोकावलं. झिंगे, हिरवा खेकडा, आणि वाळूचा एक तुकडा हलला. तळहाताएवढा चपटा मासा, आपल्या लेपासारखा. माणसांनी हा बांध सोडून किती पिढ्या झाल्या असतील, पण बगळ्याला अजून ठाऊक आहे ओहोटीला कुठे उभं राहायचं.

तिथून मान वर केली की समोर लॉखमध्ये सामनच्या शेतीचे गोल पिंजरे तरंगताना दिसतात, खाद्य फवारणारी बोट त्यांच्यामधे फिरते. विंकलवाल्याचा पुतण्या तिथे कामाला आहे. पगार चांगला, म्हणाला, आणि हिवाळ्यातही मिळतो. पिंजऱ्यांवरून इथे भांडणंही आहेत, माशांवरच्या उवा, घाण, जंगली सामनचं काय होणार वगैरे. आम्ही चार दिवसांचे पाहुणे, मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसलं की पिंजऱ्यातल्या माशाला भरती-ओहोटीशी काही देणंघेणं उरलेलं नाही.

बांधावर उतरणाऱ्यांसाठी थोडं. शेवाळ म्हणजे साबण लावलेली फरशी, दगडावरून दगडावर उड्या मारू नका, मधल्या वाळूत पाय ठेवा. रबरी बूट हवेत, चप्पल-सँडल नकोत. ओहोटीच्या वेळेआधी तास-दीड तास जा आणि पाणी फिरलं की निघा, कारण भरती भिंतीवरून येण्याआधी तिच्या फटींतून आणि ओढ्याच्या बाजूने मागून येते. २००३ च्या कायद्याने इथे किनाऱ्यावर कुणालाही नीट वागून फिरता येतं, पण मेंढ्यांची पिल्लं असतात, फाटक उघडलं तर लावून घ्या.

तर पाणी तळाला होतं, ऊन होतं, आणि अप्पांच्या घड्याळात पावणेसात. त्यांनी भाच्याकडून फोन मागून घेतला आणि आईला लावला. आई संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला जाते, मैत्रिणींबरोबर.

"पाणी कुठाय गं?"

"कुठलं पाणी? जेवलात का?"

"समुद्राचं! किल्ल्याच्या बाजूला बघ."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला, तिकडचा की इकडचा कळेना. मग आई म्हणाली, "पार गेलंय. किल्ल्यापर्यंत वाळू उघडी आहे. पोरं चालत येतायत तिकडून. का?"

"काही नाही," अप्पा म्हणाले. "इकडेही गेलंय."

तृतीया: परत

सकाळी पावणेनऊला त्याच रस्त्याने एक शेवटची फेरी मारली. भाच्याने वळणावर गाडी हळू केली. खाली निळंशार सपाट पाणी, दोन लाल चोचीचे काळेपांढरे पक्षी, एका सीलचं डोकं. बांधाची खूण नाही, ओळ नाही, काही नाही. शेजारून जाणाऱ्या बसमधले लोक पलीकडे डोंगराचे फोटो काढत होते.

मी अप्पांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघतच नव्हते, घड्याळ बघत होते. मग पुन्हा फोन मागितला.

"ऐक, आत्ता किनाऱ्यावर जाऊ नको, पाणी भरलंय."

"भर दुपारी सव्वा वाजता कोण जातंय मरायला," आई म्हणाली. "आंबे उतरवायला माणूस आलाय, ठेवते."